स्टोइक म्हणजे सोशिक नव्हे

एका वाचकाचा प्रश्न: ‘मृत्युलेखात वाचलं, “सासरचा जाच तिने स्टोइक वृत्तीने सोसला.” मग स्टोइकला मराठीत सरळ सोशिक म्हणावं का?’

मुळीच नाही. दोन शब्द कानाला जवळचे वाटतात एवढंच. हल्ली मुकाट्याने मार खाणाऱ्या कुणालाही हे बिरूद चिकटवतात, त्याचा संताप येतो. सोशिक ‘सोसणे’वरून आला, स्टोइकचा उगम एका ओसरीत आहे!

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे भर बाजारचौकात, ‘स्टोआ पोइकिले’ होती, चितारलेली ओसरी. पुढे खांबांची रांग, आत मॅरेथॉनच्या लढाईचं चित्र. इ. स. पू. ३००च्या सुमारास सायप्रसचा तत्त्वज्ञ झेनो तिथे येरझाऱ्या घालत शिकवू लागला. त्या ओसरीवरची मंडळी ती स्टोइक. जागाही कसली? शतकभर आधी तीस जुलमी सत्ताधाऱ्यांच्या काळात तिथेच १४०० नागरिक मारले गेले, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनिस लाएर्शियस लिहितो.

आता खरी गंमत. ‘स्टोआ’ उभं राहण्याच्या मूळ धातूतून निघालेला मानतात, म्हणजे आपल्या ‘स्था’चा भाऊबंद. ठाव, ठाणं, ठाम ही सगळी याच घरची. म्हणून कोशांतून दिलेले ‘निर्विकार’, ‘उदासीन’ मला साफ अमान्य आहेत. त्यांत नुसती थंडाई आहे, पाय रोवणं नाही. ‘स्थितप्रज्ञ’ सुचवणारे धातूच्या दृष्टीने जवळ पोचतात. पण ज्याला ती लक्षणं सांगितली त्या अर्जुनाने शेवटी धनुष्य उचललं, हे ते विसरतात.

रोमचा स्टोइक सिनेटर हेल्विडियस प्रिस्कस बघा. सम्राट वेस्पाशियनने त्याला बजावलं, सिनेटमध्ये येऊ नकोस. तो म्हणाला, ‘सदस्यत्व काढून घेणं तुमच्या हाती आहे, सदस्य आहे तोवर मी येणार.’ ‘मग गप्प बस.’ ‘मत विचारू नका, गप्प बसतो.’ ‘विचारावं तर लागणारच.’ ‘मग मला योग्य वाटेल ते बोलावं लागणारच.’ ‘बोललास तर ठार मारीन.’ ‘मी अमर आहे असं कधी म्हणालो? मारणं तुमचं काम, न थरथरता मरणं माझं.’ स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या प्रवचनांत हा संवाद आहे, आणि पुढे हेल्विडियसला खरोखरच मारलं गेलं. त्याचा सासरा थ्रासिया इ. स. ५९मध्ये, सम्राट नीरोने आईचा खून केल्यावर सिनेट त्याची भलामण करत असताना, उठून सरळ बाहेर चालता झाला. यात सोसणं कुठे आहे?

मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर ‘ठाम’ घ्या, आणि तत्त्वज्ञानाविषयी लिहिताना स्टोइकच राहू द्या.