जनगणनेच्या आकड्यांवरून आपल्या वस्तीचं आरोग्य मोजता येतं का?

येतं, पण तुम्ही म्हणताय त्या पद्धतीने नाही. नवी मुंबईतल्या कोपरखैरणे आणि आसपासच्या प्रभागांचे 2011 च्या जनगणनेचे तक्ते घ्यायचे, सगळे रकाने एकत्र करायचे आणि प्रत्येक प्रभागाला शंभरपैकी गुण द्यायचे, असा तुमचा बेत आहे. तो सध्या बाजूला ठेवा. ठाण्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या एका छोट्या गटासाठी मी हेच आकडे हाताळतो. गुण काढले की ज्यावर काम करायचं तीच गोष्ट त्यात हरवते. एका प्रभागात पाणी घरात पण गटार उघडं, दुसऱ्यात गटार बंद पण नळ लांब. दोघांनाही 62 गुण पडले, तर पालिकेकडे मागायचं काय?

जनगणना कोणाला डेंग्यू झाला, कोणाला टीबी झाला हे विचारत नाही. माणसं मोजण्याआधी घरांची नोंद होते, त्या घरयादीच्या टप्प्यात भिंती-छप्पर कशाचं, खोल्या किती, पाणी कुठून, संडास कसला, सांडपाणी कुठे जातं, स्वयंपाक कशावर, हे विचारते. म्हणजे आजार ज्यातून येतो ती परिस्थिती मोजते. म्हणून आधी आजार ठरवा, मग त्याला लागणारे रकाने उचला.

डेंग्यूचंच घ्या. बहुतेक जण थेट उघड्या गटारांचा रकाना बघतात. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे मी आधी पाण्याचं ठिकाण बघतो. तिथे तीन उत्तरं असतात: आवारात, आवाराजवळ आणि दूर. शहरात आवाराबाहेर पण 100 मीटरच्या आत म्हणजे जवळ, त्यापलीकडे दूर. नळ दूर असलेलं कुटुंब पिंप, टाकी, बादल्या भरून ठेवणारच, आणि पिंपावर झाकण नसेल तर साधारण आठवड्याभरात डास तयार होतो. अशा वस्तीत नुसती धूरफवारणी करून भागत नाही, आधी नळ घराजवळ यायला हवा. हा रकाना एक गोष्ट मात्र सांगत नाही: पाणी दिवसातून किती वेळ येतं. नळ आवारात आहे पण तासभरच वाहतो, तिथेही पिंपं असतात. ते चालत जाऊन, घरोघरी विचारूनच कळतं.

टीबीसाठी दाटी बघायची. इथे मोठी अडचण आहे. प्रभागाच्या तक्त्यात किती टक्के कुटुंबं एका खोलीत राहतात हे मिळतं, किती टक्के कुटुंबांत सहा ते आठ माणसं आहेत हेही मिळतं, पण एका खोलीत आठ माणसं राहणारी कुटुंबं किती, ते मिळत नाही. दोन्ही टक्के मोठे असले तरी ती तीच कुटुंबं आहेत असं गृहीत धरू नका. आणि खिडकी आहे का, ऊन-वारा आत येतो का, हे तर जनगणना विचारतच नाही. टीबीच्या बाबतीत तेच फार महत्त्वाचं असतं.

स्त्रियांची साक्षरता जरूर घ्या. आई शिकलेली असली की मुलं जगण्याची शक्यता वाढते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फक्त भागताना स्त्रियांच्या एकूण संख्येने भागू नका. त्यातून 0 ते 6 वयाच्या मुली वजा करायच्या. त्या वजा न केल्यास, लहान मुलं जास्त असलेली वस्ती आहे त्यापेक्षा अडाणी ठरते. 0 ते 6 वयातलं मुलींचं प्रमाण मात्र एकेका प्रभागासाठी मी वापरत नाही. समजा प्रभागात 420 मुलगे आणि 380 मुली आहेत, तर प्रमाण येतं दर हजार मुलग्यांमागे 905 मुली. हेच 400-400 झाले तर 1000. वीस-वीस मुलांच्या फरकाने एवढी उडी पडते. राज्याचा 2011 चा 894 हा आकडा भक्कम आहे, कारण तो फार मोठ्या संख्येवर उभा आहे.

टक्क्यांच्या बाबतीतही सावध राहा. घरांच्या सोयींचे प्रभागनिहाय आकडे टक्क्यांत आहेत. त्यांना जनगणनेच्याच प्राथमिक गोषवाऱ्यात (लोकसंख्येच्या मूळ तक्त्यात) दिलेल्या कुटुंबसंख्येने गुणा. 2000 कुटुंबांचे 12 टक्के म्हणजे 240, पण 9000 चे 5 टक्के म्हणजे 450. टक्केवारीत जो प्रभाग बरा दिसतो, तिथे गरज असलेली घरं दुप्पट निघू शकतात. शिवाय ती घरं प्रभागभर सारखी पसरलेली नसतात. घोडबंदर रस्त्याला टोलेजंग इमारती आणि येऊरच्या पायथ्याचे पाडे हाकेच्या अंतरावर आहेत. तुमच्या कोपरखैरण्यातही सिडकोची लहान घरं, गावठाण आणि नवे टॉवर शेजारी शेजारी आहेत. सरासरी त्यांतल्या कोणाचीच नसते.

तुलनेसाठी ठाणे जिल्ह्याचा 2011 चा आकडा घेणार असाल तर लक्षात ठेवा, तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता. तो 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्या 1 कोटी 10 लाख लोकसंख्येत जव्हार-मोखाड्यासारखे दुर्गम आदिवासी तालुकेही आहेत. त्यांच्याशी तुलना केली की शहरातली वाईटातली वाईट वस्तीही ठीकठाक दिसते. तुलना आपल्याच महापालिकेच्या सरासरीशी करा. प्रभागांच्या सीमाही त्यानंतर बदलल्या आहेत, ठाण्यात 2017 पासून तर चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले. म्हणून आजच्या प्रभाग क्रमांकावर 2011 चे आकडे चिकटवू नका. आधी जुन्या प्रभागात कोणकोणत्या वस्त्या होत्या ते लिहून काढा.

इंधनाचा रकाना मी आता सोडून देतो. 2011 च्या जनगणनेची घरयादी 2010 मध्येच झाली होती, त्यानंतर गॅस खूप घरांत पोचला. ठाणे शहरातल्या दिवा या उपनगरासारख्या झपाट्याने वाढलेल्या भागासाठी तर जवळपास सगळेच रकाने जुने झाले आहेत. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, 1 मार्च 2027 आहे, तोवर अशा ठिकाणी स्वतः पाहणी करण्याला पर्याय नाही.

आजारांचे आकडे पालिकेच्या आरोग्य केंद्रांकडून माहितीच्या अधिकारात मागा, रुग्ण राहतो त्या वस्तीनुसार. रुग्णालयानुसार मागितलेत तर फसगत होईल. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात शहापूर-मुरबाडकडूनही लोक येतात, त्या आकड्यावरून कळवा आजारी आहे असं म्हणता येत नाही. वस्तीनुसार आकडे मिळाले की एका बाजूला डेंग्यूचे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला नळ दूर असलेली कुटुंबं, असा दोनच रकान्यांचा तक्ता करा आणि तो घेऊन प्रभाग कार्यालयात जा.