सूत्रे पाठ आहेत, पण गणित सुटत नाही

प्रश्न : मी नागपूरला महाल भागात राहते आणि यंदा बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. फिजिक्सची सूत्रे मला पाठ आहेत, ट्यूशनमध्ये सरांनी फळ्यावर सोडवलेले गणितही समजते. परंतु तेच गणित थोडे फिरवून परीक्षेत आले की कोणते सूत्र लावावे हे सुचत नाही. घटक चाचणीत २५ पैकी ९ गुण मिळाले. इंग्रजी कच्चे असल्यामुळे असे होते का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : इंग्रजीमुळे प्रश्न वाचायला दोन मिनिटे जास्त लागत असतील, पण अडचणीचे मूळ तेथे नाही. ‘कोणते सूत्र लावावे’ हा तुम्ही स्वतःला विचारत असलेला पहिला प्रश्नच चुकीच्या जागी आहे. त्याआधी ‘येथे कोणकोणती बले आहेत आणि ती कोण लावते आहे’ हे विचारायला हवे.

बारावीच्या पुस्तकातील पहिल्याच प्रकरणातले सपाट वळणाचे उदाहरण घेऊ. बर्डीहून महालाकडे येताना तुमची स्कूटर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे, टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक ०.५ आहे, तर न घसरता जास्तीत जास्त किती वेगाने वळता येईल? असे गणित दिसले की बहुतेक विद्यार्थी आकृतीत स्कूटरचे वजन, रस्त्याची लंब प्रतिक्रिया आणि घर्षण हे तीन बाण काढतात आणि वर ‘सेंट्रिपीटल फोर्स’ नावाचा चौथा बाण जोडून मोकळे होतात. हा चौथा बाण खोडून टाका. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तुम्ही ज्याला अभिकेंद्री बल (वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारे बल) म्हणत होता तेच हे, आणि ते वेगळे कोणी लावत नाही. या वळणावर घर्षणच ते काम करते. एवढे ध्यानात आले की समीकरण आपोआप उभे राहते: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे घर्षणाच्या कमाल मूल्याइतके, म्हणजे घर्षण गुणांक गुणिले वस्तुमान गुणिले ९.८ (गुरुत्व त्वरण) इतके. दोन्हीकडचे वस्तुमान निघून जाते. वेगाचा वर्ग ९८ येतो, म्हणजे वेग सुमारे ९.९ मीटर प्रति सेकंद, ताशी साधारण ३६ किलोमीटर. (दुचाकी वळताना कलते, त्याचा विचार वेगळा, पण घसरण्याची मर्यादा घर्षणच ठरवते.)

आता पुस्तक मिटून हेच गणित स्वतः फिरवा. मागे मैत्रीण बसली तर? वस्तुमान निघून गेलेले असल्यामुळे उत्तर तेच राहते. पावसाने रस्ता ओला होऊन घर्षण गुणांक निम्मा, म्हणजे ०.२५ झाला तर? वेग निम्मा होईल असे वाटते, परंतु वेगाचा वर्ग ४९ आणि वेग ७ मीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास. फळ्यावरची दहा गणिते वहीत उतरवून घेण्यापेक्षा एकच गणित असे तीन प्रकारे फिरवण्यात अधिक अभ्यास होतो, असे माझे मत आहे, मग ट्यूशनची वही अर्धी कोरी राहिली तरी चालेल.

भाषेसाठी एक वही मात्र ठेवा. चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सेलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, अशा जोड्या प्रकरणागणिक लिहीत गेलात तर नवीन वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी आपण नववी-दहावीत शिकलेल्याच आहेत हे दिसेल. विचार मराठीत करा आणि उत्तर इंग्रजीत लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. प्रॅक्टिकलचे गुण मिळतातच, असे म्हणून तो प्रयोगशाळेत फक्त मित्राची निरीक्षणे उतरवतो. त्याला काय सांगावे?
– एक पालक, वर्धा रोड

उत्तर : बोर्डाच्या १०० गुणांपैकी लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत, हे त्याला माहीत असणारच, त्यामुळे गुणांची भीती घालून उपयोग नाही. त्याला दोनच प्रश्न विचारा. मीटर ब्रिजवर, म्हणजे एक मीटर तारेच्या मदतीने अज्ञात प्रतिरोध मोजण्याच्या उपकरणावर, जॉकी (तारेला टेकवायचे धातूचे टोक) तारेवरून घासत का नेत नाहीत, उचलून का टेकवतात? आणि शून्य विक्षेपाचा बिंदू, म्हणजे जेथे गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो तो बिंदू, तारेच्या मध्याजवळ यावा असा प्रतिरोध का निवडतात? घासल्याने तारेची जाडी जागोजागी बदलते, आणि सगळे सूत्र तर तार सर्वत्र सारखी आहे या गृहीतकावर उभे आहे. बिंदू टोकाजवळ आला, तर लांबी मोजण्यातली मिलिमीटरभर चूकही उत्तरात बरीच मोठी होते. ही उत्तरे उतरवलेल्या वहीत सापडत नाहीत आणि तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके हेच विचारतात.

एखाद्या रविवारी त्याला गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा. लहानपणी शाळेच्या सहलीत तो तेथे बटणे दाबून आला असेल; आता प्रत्येक मांडणीपुढे उभे राहून ती तशी का चालते हे त्याने तुम्हाला समजावून सांगावे, आणि जेथे तो अडखळेल ते प्रकरण त्या आठवड्यात वाचावे.