जुन्या गाड्यांच्या डीलरनं फोटो आणि ऑनलाइन जाहिरातीसाठी एआय वापरावं का? कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की काकांचं सांगलीजवळ जुन्या गाड्यांचं छोटं दुकान आहे, एका वेळी दहा-बारा गाड्या असतात, फोटो मोबाईलवरच निघतात. तर एआयनं काही फरक पडेल का आणि पैसे भरून एखादं ॲप घ्यावं का? मी कोल्हापुरात हेच काम करतो. गाडी धुऊन आली की फोटो काढायचे, जाहिरात टाकायची आणि मग दिवसभर ‘लास्ट किती?’ला उत्तरं देत बसायचं.

वापरा, फरक पडतो. फक्त गाडीच्या अंगाला त्याचा हात लागू देऊ नका. भोवतालचं काय ते त्याला करू दे.

हे मी ठेच लागून शिकलोय. गेल्या वर्षी आमच्याकडं एक पांढरी स्विफ्ट आली होती. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला गंजाचे बारीक फुगे होते, रंगाखालून वर आलेले. मी फोटो एका ॲपमध्ये टाकले ते मागचं बॅकग्राउंड बदलायला. त्यात ‘एन्हान्स’चं बटण आधीपासूनच चालू होतं. त्यानं काचा लखलखीत केल्या, टायर काळेभोर केले आणि जाता जाता दाराचा गंजही पुसला. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. फोटो बघून चिपळूणचे एक गृहस्थ कुंभार्ली घाट चढून, कराडवरून आले. बॉनेट नाही, इंजिन नाही, सरळ दारापाशी उकिडवे बसले आणि खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "फोटोत हे नव्हतं," एवढंच म्हणाले. कोकणातल्या माणसाला गंज कुठं शोधायचा हे मी काय सांगणार! ॲपनं आपोआप केलं असं सांगायला लागलो, तर माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. ते चहाही न घेता गेले. गंज किरकोळ होता, आधी सांगितला असता तर किमतीत धरून व्यवहार झालाही असता. आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला शिक्षा आहे. तिथं ‘ॲपनं केलं’ म्हणून कोण सोडणार आहे?

आता बॅकग्राउंडचं. यार्डात मागं फ्लेक्स, वाळत घातलेले कपडे, शेजाऱ्याचा टेम्पो, हे सगळं फोटोत येतं. ते काढायला एआय उत्तम. पण गुळगुळीत फरशीचं खोटं शोरूम लावू नका. मी लावून बघितलंय: मागं काचेचं शोरूम, आणि गाडीच्या काळ्या दारातल्या प्रतिबिंबात आमचं पत्र्याचं शेड, त्यात मोबाईल धरून उभा असलेला मी, चपलांसकट. पुढच्या काचेतून आरपार टेम्पो दिसत होता तो वेगळाच. आणि टायरखालची सावली नीट बसली नाही तर गाडी जमिनीवर टेकलेलीच वाटत नाही. साधा फिकट राखाडी रंग मागं ठेवला तर ही सोंगं कमी दिसतात. सगळ्या गाड्यांना तोच ठेवा, म्हणजे दुकानाची ओळखही होते.

मूळ फोटो वाईट असेल तर मात्र एआयही काही करू शकत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत काढा. हेडलाइटच्या उंचीवर मोबाईल धरा, चार पावलं मागं जाऊन थोडा झूम करा. जवळून काढला की गाडीचं नाक फुगतं. पांढरी गाडी फोटोत फार भगभगीत दिसत असेल तर उजेड थोडा कमी करा. मग दोष मुद्दाम जवळून टिपा: ओरखडा, डेंट, दाराची खालची कड, फाटलेलं सीट. टायरवर कारखान्याच्या तारखेचे चार आकडे असतात. 3221 म्हणजे 2021 सालचा 32वा आठवडा. त्याचा फोटो टाकला की ‘टायर किती टक्के?’ हा प्रश्न निम्मा मिटतो. सगळे फोटो एआयला देऊन ‘गिऱ्हाईक विचारेल असा कुठला फोटो राहिलाय?’ असं मी विचारतो. आमच्यात स्टेपनी हमखास राहते.

लिखाणाचं काम तर मी आता त्याच्यावरच टाकलंय. गाडीभोवती फिरत मोबाईलला बोलून सांगतो: फर्स्ट ओनर, सर्व्हिस रेकॉर्ड आहे, पुढचा बंपर रिपेंट, इन्शुरन्स अमुक तारखेपर्यंत. त्याला सांगायचं, यातलंच लिही, पदरचं काही घालू नकोस. एवढं बजावूनही तपासावं लागतं. 2018च्या स्विफ्ट व्हीएक्सआयला त्यानं अलॉय आणि ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल लावून दिले होते. ते वरच्या झेडएक्सआय मॉडेलला येतात. व्हीएक्सआयला स्टीलची चाकं आणि वर कॅप. त्याला गाडीचं नाव दिसतं, व्हेरियंट दिसत नाही. त्यात ‘तुमच्या कुटुंबाच्या स्वप्नांची सोबती’ असलं काही आलं तर ते आधी खोडा. तीन लाखांची गाडी घेणारा माणूस किलोमीटर आणि पासिंग वाचतो.

निपाणी-बेळगावकडची गिऱ्हाइकं आमच्याकडं येतात म्हणून मी कन्नड जाहिरातही करून घेतो. मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या गॅरेजमधल्या निपाणीच्या पोराला आधी दाखवतो. एकदा तो इतका हसला की मी ती टाकलीच नाही. तिकडच्या माणसाला आरटीओची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला ना-हरकत) आणि तिथला टॅक्स लागेल, हे मात्र जाहिरातीतच लिहा.

आरसी बुकाचा फोटो कुठल्याही फुकटच्या ॲपला देऊ नका. त्यावर मूळ मालकाचं नाव, पत्ता, चॅसिस नंबर, सगळं असतं. नंबर प्लेट झाकायचं काम फोनच्या एडिटरमध्येच होतं.

पैशाच्या ॲपचं म्हणाल तर दहा-बारा गाड्यांना आत्ताच नको. या आठवड्यात एकच गाडी घ्या, जी महिनाभर पडून आहे ती. तिचे फोटो नव्यानं काढा, एआयकडून फक्त बॅकग्राउंड आणि मजकूर करून घ्या, जुनी जाहिरात काढून नवी टाका आणि आठ दिवसांत किती फोन आले ते वहीत मांडा. ती वही काकांना दाखवा, मग ॲपचं बघा.