डीएमध्ये (विकासकाशी होणाऱ्या विकास करारनाम्यात) ‘प्रकल्प’ या शब्दाची व्याख्या काय केली आहे, याने सभासदाला फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडमधली तुमची सोसायटी ३२ वर्षांची, २४ फ्लॅट आणि तळमजल्यावर काही दुकानं. पुनर्विकासाच्या करारनाम्याच्या मसुद्यात ‘प्रकल्प’ची व्याख्या पाऊण पानाची आहे, तीत नियमांचे आकडेच आकडे. कमिटी म्हणते, ती वकिली भाषा आहे, तुम्ही कार्पेट (घराचं आतलं वापराचं क्षेत्र) आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) बघा. हे बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही. मी वकील नाही, पण आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीत चार वर्षं काम केलं आहे. आम्हीही पहिले दोन मसुदे कार्पेट, भाडं आणि कॉर्पसची पानं उघडूनच वाचले होते. मग आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त बँक अधिकारी काकूंनी सभेत व्याख्येचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: सदर मिळकतीचा, लगतच्या मिळकतींसह अथवा त्यांच्याशिवाय, विकासकास योग्य वाटेल त्या कोणत्याही लागू नियमान्वये करावयाचा विकास म्हणजे प्रकल्प. ‘योग्य वाटेल त्या’ हे तीन शब्द काढून घ्यायला आम्हाला तीन बैठका लागल्या. ते राहिले असते तर बाकीची साठ पानं विकासकाच्या मर्जीवर चालली असती.

याचं कारण मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. २०१८ साली लागू झालेल्या या नियमावलीत (डीसीपीआर २०३४) पुनर्विकास हा एकच प्रकार नाही. नियम ३३ च्या पोटात वेगवेगळे खण आहेत. म्हाडा वसाहत असेल तर ३३(५). शहरातली जुनी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत असेल तर ३३(७). झोपडपट्टी ३३(१०) मध्ये, आणि अनेक इमारती मिळून समूह पुनर्विकास ३३(९) मध्ये. तुमच्यासारख्या खाजगी जमिनीवरच्या, ३० वर्षं पूर्ण झालेल्या सोसायटीसाठी ३३(७)(ब). खण बदलला की एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) बदलतो, परवानगी देणारं दार बदलतं आणि सभासदाच्या हक्काचा हिशेबही बदलतो. ३३(५) मध्ये म्हाडाकडे जावं लागतं, ३३(१०) मध्ये एसआरएकडे (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे), ३३(७)(ब) मध्ये महापालिकेकडे.

तुमच्या खणाचा हिशेब करून बघा. ३३(७)(ब) मध्ये अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौ.मी., यांपैकी जे जास्त असेल तेवढं जादा बांधकाम प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायचं शुल्क) न भरता मिळतं. समजा तुमचं अधिकृत बांधकाम १४०० चौ.मी. आहे. त्याचे १५ टक्के म्हणजे २१० चौ.मी. २४ सदनिका गुणिले १० म्हणजे २४० चौ.मी. तुम्हाला २४० मिळतील. सरासरी घर साधारण ६६ चौ.मी.पेक्षा लहान असेल तर दहाचा हिशेब फायद्याचा, मोठं असेल तर टक्क्यांचा. ‘अधिकृत’ या शब्दाकडे मात्र लक्ष ठेवा. बंद केलेली बाल्कनी आणि ओट्यावर वाढवलेली खोली यात धरली जात नाही. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीच्या कपाटात नसेल तर आजच पालिकेत अर्ज करा.

आता समजा करारात नियमाचा आकडा मोकळा सोडला आणि विकासकाने पुढे ३३(११) जोडायचं ठरवलं. त्या नियमाखाली जास्तीचा एफएसआय मिळतो, पण त्याच्या बदल्यात कायमस्वरूपी संक्रमण सदनिका (घर पाडलेल्या लोकांना तात्पुरतं राहायला द्यायची घरं) बांधून एसआरएला द्याव्या लागतात. त्या तुमच्याच आवारात उभ्या राहू शकतात. विंग, जिने, पार्किंग, मोकळी जागा, सगळ्याचं गणित नव्याने मांडावं लागतं, आणि वाढलेल्या एफएसआयमधला तुमचा वाटा करारात लिहिलेलाच नसतो. मला या योजनेत काही वाईट दिसत नाही. काही भूखंडांना ती सोयीचीही असते. पण तो निर्णय सर्वसाधारण सभेचा असायला हवा. आम्ही शेवटी असं लिहून घेतलं: प्रकल्प म्हणजे फक्त आमच्या सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकाचा भूखंड आणि फक्त ३३(७)(ब). दुसरा नियम जोडायचा, बदलायचा किंवा लगतचा भूखंड एकत्र करायचा तर विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. आणि नियम सरकारनेच बदलून एफएसआय वाढवला तर त्यातला सोसायटीचा हिस्सा किती, हेही आकड्यात लिहिलं.

दुसरं वर्गीकरण रेराचं, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्याचं. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ५०० चौ.मी.पर्यंतच्या जमिनीवर किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. ज्या पुनर्विकासात नवी विक्री किंवा नवं वाटप नाही, त्यालाही लागत नाही. तुमच्याकडे विक्रीचे फ्लॅट असणारच, त्यामुळे नोंदणी होणार. पण त्याच कलमात एक स्पष्टीकरण आहे जे फार थोडे सभासद वाचतात: प्रकल्प टप्प्यांत होत असेल तर प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प समजला जातो आणि त्याची नोंदणीही वेगळी. विकासक विक्रीची विंग हा एक टप्पा म्हणून नोंदवतो आणि तिची पूर्णत्वाची तारीख रेराच्या साइटवर दिसते. ती तारीख बघून आमच्याकडचे लोक निर्धास्त झाले होते. आमची विंग त्या टप्प्यात नव्हतीच.

जुन्या सभासदाच्या मोफत घरासाठी रेराकडे जाणं हे नव्या खरेदीदाराइतकं सरळ नसतं. उशीर झाला तर व्याज, पैसे परत, पाच वर्षांची बांधकामातल्या दोषांची जबाबदारी, हे सगळं कायद्याने खरेदीदाराला आयतं मिळतं. तुम्हाला ते करारात शब्दशः लिहून घ्यावं लागतं. रिहॅब विंगची (जुन्या सभासदांच्या विंगची) ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आधी आणि विक्रीच्या विंगचा ताबा नंतर, हे वाक्यही त्यातच हवं. एखाद्या सभासदाने पैसे भरून जादा जागा घेतली असेल तर तेवढ्या जागेसाठी त्याची बाजू वेगळी उभी राहते.

जीएसटीबद्दल थोडक्यात, कारण तुमच्याकडे दुकानं आहेत. १ एप्रिल २०१९ पासून, प्रकल्पातल्या एकूण कार्पेटमध्ये व्यावसायिक गाळ्यांचं कार्पेट १५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो ‘निवासी’ प्रकल्प. त्यात गाळ्यांवरही ५ टक्केच कर. १५ टक्क्यांच्या वर गेलं की घरांचा दर तोच राहतो, गाळ्यांवर मात्र तो १२ टक्के होतो. एकूण कार्पेट ४००० चौ.मी. असेल तर सीमा ६०० वर. नकाशा बदलताना ५६० चे ६२० कधी होतात ते कळतही नाही, आणि तुमच्या जुन्या दुकानदार सभासदांच्या गाळ्यांवरच्या कराची टक्केवारी बदलून जाते. सभासदांच्या वाट्याच्या जागेवरचा जीएसटी, वर्गीकरण काहीही झालं तरी, विकासकच भरेल, असं एक ओळीचं कलम टाकून घ्या. आमच्या विकासकाने ते फारशी खळखळ न करता मान्य केलं.

मुद्रांक शुल्काची भीती मात्र आता कमी झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की विकास करारनाम्यावर शुल्क भरलेलं असेल तर सभासदाच्या कायम पर्यायी जागेच्या करारावर पुन्हा तसंच पूर्ण शुल्क मागता येत नाही. विकत घेतलेल्या जादा क्षेत्राची गोष्ट वेगळी.

तुम्ही आत्ता काय करावं? सभेच्या आधी कमिटीकडे लेखी पत्र देऊन तीन गोष्टी मागा: व्याख्येचं पान, पीएमसीच्या (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराच्या) फिजिबिलिटी रिपोर्टमध्ये कोणता नियम धरला आहे ते पान, आणि विकासकाच्या ऑफरमध्ये कोणता धरला आहे ते पान. आमच्याकडे ही तीन पानं टेबलावर शेजारी ठेवली तेव्हा रिपोर्टमध्ये ३३(७)(ब) होतं, ऑफरमध्ये आकडाच नव्हता आणि मसुद्यात ‘कोणताही’ होतं. पुढे आयओडी (पालिकेची बांधकामाची पहिली मंजुरी) आली की चौथं पान म्हणून तीही शेजारी ठेवा. तिच्यावर लिहिलेला नियम आणि करारातला नियम एकच नसेल, तर घराची चावी देऊ नका.