रविवारी दुपारी पुस्तकांच्या दुकानातल्या कॅफेत न घेतलेलं पुस्तक वाचत तीन तास बसलं तर चालतं का?

चालतं, बसा की. तीन काय, पाच तास बसा. फक्त कॉफी आणि न घेतलेलं पुस्तक एका टेबलावर नको, एवढंच माझं म्हणणं आहे आणि त्यावरून मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी अशाच एका दुकानात कामाला होते, खाली पुस्तकं, वर कॅफे. रविवारी दुपारी तीन ते सहा वर बसायला जागा नसायची. मला ती वेळ फार आवडायची, कारण तेव्हा घाईतलं माणूस येतच नाही, एखादा प्रवासवर्णन शोधायला आलेला तासाभराने पक्ष्यांवरचं पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसलेला दिसायचा. फोनवर असं होत नाही, तिथे आधी जे बघितलं त्याच्यासारखंच पुढे येत राहतं.

अशाच एका रविवारी एक गृहस्थ चित्रांचं मोठं पुस्तक वर घेऊन गेले. शिवलेली बांधणी, आर्ट पेपर, दुकानात एकच प्रत. कॉफी सांडली, त्यांनी रुमालाने वरवर पुसलं, पुस्तक मिटलं, खाली येऊन शेल्फात ठेवलं आणि निघून गेले. कुणाला काही बोलले नाहीत. कॅफेतल्या मुलाने नंतर सांगितलं. मिटलं तिथेच वाट लागली. आर्ट पेपरवर चकाकीसाठी बारीक मातीचा लेप असतो, तो भिजला की मऊ पडतो आणि पुस्तक मिटून वाळलं की समोरासमोरची पानं अशी चिकटतात की ओढली तर चित्रच सोलून निघतं. तेव्हाच सांगितलं असतं तर ओल्या पानांमध्ये बटर पेपर सरकवून उघडंच वाळवलं असतं, डाग राहिला असता पण पानं वाचली असती. आणि न खपलेल्या प्रती बरेच प्रकाशक परत घेतात, म्हणून तर दुकानदार नवख्या लेखकाचं पुस्तकही मागवायची हिंमत करतो, पण डागाळलेली प्रत कोण परत घेणार? तो तोटा दुकानाचाच.

माझा दादा म्हणतो, खुर्च्या त्यांनीच मांडल्यात ना, कॉफीचे पैसे दिले की झालं. तो स्वतः दोन तास पुस्तकं चाळतो, मुखपृष्ठांचे फोटो काढतो आणि घरी येऊन ऑनलाइन मागवतो. यावरून आमचं कित्येक वर्षं वाजतंय. अरे, कॉफीचे पैसे कॉफीचे झाले, ते पुस्तक तुला ज्या शेल्फात सापडलं ते शेल्फ लावणाऱ्या माणसांचं काय?

तर आधी पुस्तक घ्या, मग वर जा. चाळायचं ते शेल्फपाशीच, सुरुवातीची दहा पानं आणि मधलं एखादं वाचलं की अंदाज येतो. डिंकाच्या बांधणीचं पुस्तक पार सपाट उघडू नका, पानं सुटतात. आणि नको असलेलं पुस्तक दिसेल त्या फटीत कोंबू नका, काउंटरवर द्या. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, कॉम्प्युटर एक प्रत आहे म्हणतो आणि आम्ही गिऱ्हाइकासमोर अर्धा तास शोधत बसतो.

हां, विद्यार्थी असाल, हातात पैसे नसतील तर वरचं सगळं सोडा, कॉफी न घेता कोपऱ्यात बसून खुशाल वाचा, मी अशा कुणाला कधी उठवलं नाही. काही दुकानं वाचायला वेगळी प्रत ठेवतात, तेही विचारून बघा. आणि संध्याकाळी पाचनंतर तिसरी कॉफी नको, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

ते चिकटलेलं पुस्तक शेवटी मीच पगारातून घेतलं. परवा दादा परत म्हणाला, एका प्रतीने काय बिघडतं. मी ते आणून त्याच्यापुढे ठेवलं, म्हटलं उघड. त्याने नखाने एका पानाचा कोपरा जरासा उचलला, रंग सुटायला लागलेला दिसला तसा हात काढून घेतला.