समुद्राच्या माशाच्या काळजात रक्तातले किडे असतात म्हणे. गोंदियात बर्फातून येणारा मासा खावा का? आणि आमच्या बोडीतल्या (लहान तलावातल्या) माशातही ते असतील का?

खा, नीट शिजवून खा. माशाच्या रक्तात राहणारा किडा म्हणजे पर्णकृमी, पानासारखा चपटा कृमी. तो माणसाला होत नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण प्रश्नातला 'काळीज' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. या एका शब्दापायी आठवडी बाजारातून मासेवाल्या बायांच्या टोपल्या भरलेल्या परत गेलेल्या पाहिल्या आहेत.

काळीज म्हणजे कोणाला हृदय, कोणाला यकृत. मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोत यकृतावर आणि आतड्यावर घड्याळाच्या स्प्रिंगेसारखे गुंडाळलेले पांढरे दोरे दिसतात. त्या गोलकृमींच्या अळ्या, त्यांचं कूळच वेगळं. कच्चा मासा खाणाऱ्याला त्यांचा त्रास होतो, रश्श्यात उकळल्यावर त्या मरतात. हृदयातला पर्णकृमी अशा फोटोत दिसणारच नाही. तो बहुधा एक ते चार मिलिमीटरचा, चपटा, जवळजवळ आरपार दिसणारा. जनावरांच्या यकृतातल्या पर्णकृमीसारखे ठळक चोषकही (चिकटून धरायचे वाटीसारखे अवयव) त्याला नसतात. मारियान प्लेन या जर्मन संशोधिकेने 1905 मध्ये कार्प माशांच्या रक्तातला असा कृमी पहिल्यांदा नोंदवला, तेव्हा तिनेही त्याला पर्णकृमी न म्हणता चपट्या कृमींच्या दुसऱ्याच गटात घातलं होतं. सँग्विनिकोला हे नाव तिचंच.

तो हृदयात का राहतो ते माशाचं रक्त कसं फिरतं यावरून कळतं. माशाच्या हृदयातून निघालेलं रक्त आधी थेट कल्ल्यात जातं, मग अंगभर. कृमी हृदयात किंवा हृदयालगतच्या रोहिणीत अंडी घालतो, ती रक्तासोबत वाहत कल्ल्याच्या केसाएवढ्या नळ्यांत जाऊन अडकतात. तिथेच अळी तयार होते आणि कल्ल्याची त्वचा फोडून पाण्यात उतरते. म्हणजे कृमी हृदयात असला तरी खरी मोडतोड कल्ल्यात होते. काही अंडी हृदयाच्या स्नायूतच रुततात आणि त्यांच्याभोवती गाठी धरतात.

समुद्रातली उदाहरणं पक्की आहेत. आपल्या घोळ माशाच्याच कुळातल्या एका अमेरिकन किनारी माशाच्या हृदयातून 1953 मध्ये कार्डिकोला लारुई नोंदवला गेला. कार्डिकोला म्हणजेच हृदयात राहणारा. मलेशियात पिंजऱ्यात वाढवलेल्या जिताड्याच्या रक्तवाहिन्यांतूनही 1994 मध्ये असा कृमी नोंदला आहे. सगळ्यात मोठं नुकसान ट्यूनावाल्यांचं. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनजवळ पिंजऱ्यातल्या ट्यूनाच्या हृदयात कार्डिकोला फोर्स्टेरी असतो आणि त्याची मधली अवस्था समुद्रतळाशी नळीत राहणाऱ्या एका वलयी (गांडुळाच्या जातकुळीतल्या) कृमीत वाढते. पिंजरे किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात नेले तेव्हा तिथल्या माशांत हा कृमी सापडला नाही. जपानमध्ये ट्यूनाच्या पिल्लांना प्राझिक्वांटेल हे कृमीवरचं औषध खाद्यातून देतात. तो समुद्रतळचा वलयी कृमी आपल्या तलावात नाही. त्यामुळे बर्फातल्या मेलेल्या सुरमईतून हा रोग गोंदियाच्या बोडीत उतरेल ही भीती काढून टाका.

आता जे खटकतं ते. एका तलावाच्या पाळीवर मत्स्यपालनाचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्याने बर्फातल्या रोहूचं हृदय चिरलं, आतून पांढरट दोरा काढला, 'हा पाहा रक्तातला किडा' म्हणाला आणि लगेच तलावात टाकायच्या औषधाची बाटली दाखवली. तो दोरा मी मिठाच्या पाण्यात घेऊन दोन सुयांनी ताणला. तो रबरासारखा लांबला, तुटला, तुटल्या जागी तंतू तंतू झाले. ती रक्ताची गुठळी होती. कृमीला आकार असतो: दोन्ही टोकं निमुळती, कडा स्वच्छ, जिवंत असेल तर आखडतो, लांबतो. गुठळीला कड नसते. तरी त्या दिवशी मासे धरणाऱ्या ढिवरभावांनी बाटल्या घेतल्याच.

म्हणून हृदय कसं पाहायचं ते सविस्तर सांगतो. मासा बर्फातला नको, गोठवलेला तर अजिबात नको. त्यात कृमी विरघळल्यासारखा होतो. तडफडता मासा घ्या, मारल्यावर तासाभरात उघडा. हृदय पोटात शोधू नका. ते गळ्याशी, दोन्ही छातीपरांच्या मधोमध, कल्ल्यांच्या अगदी मागे एका वेगळ्या कप्प्यात असतं. कात्रीचं टोक आत खुपसू नका, वरची कातडी उचलून कापा. पुढचा पांढरा फुगीर भाग, जिथून रोहिणी निघते, तो हृदयासोबतच आला पाहिजे. घाईत लोक तोच तोडून टाकतात आणि कृमी नेमके तिथे असू शकतात.

लिटरभर स्वच्छ पाण्यात साडेआठ ग्रॅम मीठ घाला. साधं पाणी वापरलं तर कृमी फुगून फुटतो. हृदय या पाण्यात ठेवून प्रत्येक कप्पा उभा चिरा, आतली बाजू पिचकारीने धुवा. हे धुवण उंच, निमुळत्या पेल्यात ओता, दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, वरचं लाल पाणी हळूच काढा, पुन्हा मिठाचं पाणी भरा. पाणी नितळ होईतो हेच. मग तळाचा गाळ काळ्या बुडाच्या ताटलीत थोडा थोडा ओतून बाजूने उजेड टाका आणि दहापट भिंगातून पाहा. वरून उजेड टाकला तर आरपार कृमी दिसत नाही.

कल्ला विसरू नका. कल्ल्याच्या दोन-चार पाकळ्या कात्रीने कापून दोन काचपट्ट्यांत दाबा, सूक्ष्मदर्शकाखाली चाळीसपटीने पाहा. सँग्विनिकोलाच्या पिकलेल्या अंड्यात अळीच्या डोळ्याचा काळा ठिपका दिसतो. नमुना पाठवायचा असेल तर कल्ला आणि हृदय एक भाग फॉर्मलिन, नऊ भाग पाण्यात ठेवा. जनुकीय तपासणीसाठी वेगळा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिनमधला तुकडा त्या तपासणीला फारसा उपयोगाचा राहत नाही.

तुमच्या बोडीचं म्हणाल तर गोड्या पाण्यात सँग्विनिकोलाची मधली अवस्था गोगलगायीत वाढते. युरोपातल्या कार्पमध्ये तो लिम्निया जातीच्या गोगलगायींतून येतो. तशा गोगलगायी आपल्या मामा तलावांत (जुन्या मालगुजारी तलावांत) आहेत, रोहू-कतलाही कार्पच्याच कुळातले. शक्यता आहे, पण हृदय आणि कल्ला न पाहता आहे म्हणणारा माणूस औषध विकतो आहे असंच समजा. ढगाळ श्रावणात पहाटे मोठे मासे एकदम वर येऊन तोंडं उघडत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील तर तो प्राणवायूचा प्रश्न आहे. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) रोज थोडी थोडी मरत असेल, कल्ले फिकट असतील, तर कल्ला दाबून पाहा.

सापडलाच तर गोगलगायी मारायला मोरचूद टाकू नका. त्याच पाण्यावर गुरं आणि धानाच्या बांध्या आहेत, आणि मऊ पाण्यात मोरचुदाने आधी मासाच मरतो. काठची बेशरमाची झुडपं उपटा, गोगलगायी त्यांनाच धरून असतात. शिंदीच्या फांद्यांची जुडी रात्री पाण्यात सोडा, सकाळी गोगलगायींसकट ओढून काढा, हे पंधरा दिवस रोज करा. बोडी मे महिन्यात आटते तेव्हा वरचा गाळ उकरून वाळवा, मग हेक्टरी 200 ते 250 किलो चुना. नुसतं आटणं पुरत नाही, काही गोगलगायी गाळात दबून पावसाळा गाठतात.

एक सांगायचं राहिलं. गोगलगाय पेल्यात ठेवून उन्हात धरली आणि दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या बाहेर आल्या, तर त्या माशाच्याच रोगाच्या असतील असं नाही. इंडोप्लॅनॉर्बिस या चक्राकार गोगलगायीतून गुरांच्या रक्तकृमींच्या तशाच अळ्या निघतात. तलावात उतरल्यावर पायाला खाज सुटते त्यामागे बरेचदा त्याच असतात. ते पाणी हाताला लावू नका, रबरी मोजे घाला. आणि त्या रक्तकृमींनी गुरं नाकातून घोरत असतील तर मत्स्यवाल्याला नाही, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.