डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कल्पित कथांचा खेळ): समुद्रातल्या कॅम्पेनसाठी (अनेक बैठका चालणाऱ्या कथेसाठी) सहुआगिन घेऊ की मर्फोक? मलेंटीबद्दल खेळाडूंना आधी सांगावं का?

सहुआगिनच घ्या, म्हणजे ते समुद्रातले क्रूर मासेमानव. मर्फोक, म्हणजे अर्धे माणूस अर्धे मासे, बिचारे ११ हिट पॉइंटचे (हे संपले की खेळ खलास), त्यांना मारून कुणाला काय मजा येणार. आणि मलेंटीबद्दल, म्हणजे एल्फासारख्या दिसणाऱ्या सहुआगिनबद्दल, आधी सांगायचं?? मग तो हेर कसला.

एवढ्या तिडकीने लिहितोय कारण माझा मामेभाऊ कित्येक वर्षं याच एका गोष्टीवरून माझं डोकं खातोय.

झालं असं की आमच्या घरच्या कॅम्पेनमध्ये (पाचवी एडिशन, २०१४ ची पुस्तकं) मी पार्टीला (खेळाडूंच्या गटाला) जहाजावर एक वाटाड्या दिला, सी एल्फ म्हणजे समुद्रात राहणारा एल्फ, एकदम गोड बोलणारा. खरा तो मलेंटी, म्हणजे एल्फांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या सहुआगिनांत अधूनमधून हुबेहूब एल्फासारखं पोर जन्मतं ना, त्यातला. सहुआगिन ही १९७५ पासून गेममध्ये असलेली जमात आहे, मी आदल्या रात्री बसून बनवली नाही. सहुआगिनला दर चार तासांनी पाण्यात बुडी मारावीच लागते नाहीतर गुदमरतो, खऱ्या सी एल्फला असलं काही लागत नाही. म्हणून मी प्रत्येक पहाऱ्याला सांगायचो, वाटाड्या दोर धरून पाण्यात उतरला, परत आला. मामेभाऊ म्हणे, स्वच्छतेची आवड दिसतेय. मग शार्क. जहाजाभोवती शार्क फिरतायत आणि वाटाड्या कठड्याशी उभा राहून शांतपणे त्यांच्याकडे बघतोय. सहुआगिन १२० फुटांपर्यंत शार्कना हुकूम सोडतात हे मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात) छापलंय, मामेभावाकडे स्वतःची कॉपी आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

शेवटी बुडालेल्या देवळात वाटाड्याने मामेभावाच्याच कॅरेक्टरच्या पाठीत भाला घातला आणि मागून चार सहुआगिन आले. ब्लड फ्रेन्झी, तुमचा एक जरी हिट पॉइंट कमी असला तरी त्यांना ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून चांगला आकडा घ्यायचा; डिसॲडव्हांटेज म्हणजे वाईट). आणि आमचे साहेब लाँगसोर्ड काढून उभे! पोहायचा स्पीड नसेल तर पाण्याखाली लाँगसोर्डला डिसॲडव्हांटेज असतो, भाला नाहीतर खंजीर चालतो, निघताना मी विचारलं पण होतं भाला घेतोस का, तर म्हणे माझ्या कॅरेक्टरला शोभत नाही. तिसऱ्या राउंडला गेला.

तेव्हापासून 'डीएमने (खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे मी) चीटिंग केली'. मावशीच्या मुलीच्या लग्नात पंगतीत जिलबी वाढत होते तेव्हाही हा शेजारच्या काकांना मलेंटी म्हणजे काय ते समजावत होता.

तर क्लू द्या, दोनतीन तरी, आणि कधी कुठला दिला ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. सेशन रेकॉर्ड करता आलं तर उत्तमच.

हां, पहिल्या लेव्हलच्या पार्टीवर चारचार सहुआगिन सोडू नका, एकेकाचे २२ हिट पॉइंट, पोरं मरतील. मर्फोक मित्र म्हणून ठेवा, रस्ता दाखवायला वगैरे. आणि शार्कवाला क्लू दिला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मामेभाऊ सोफ्यावर आडवा होता हे खरंय. पण डोळे उघडे होते, मी बघितलंय.